आधी आपली गव्हाण बघू

२०२५ च्या जुलैमध्ये भारत-अमेरिका व्यापाराच्या बोलण्यांच्या बातम्या यायला लागल्या आणि 'मांसाहारी दूध' हा शब्द आमच्या निपाणी-चिकोडी भागातल्या दूध संस्थांच्या कट्ट्यांवर येऊन बसला. अमेरिकेतल्या गाईंच्या खाद्यात रक्ताची भुकटी आणि चरबी असते, असलं दूध इकडे आलं तर ते आपल्या देवाच्या नैवेद्याला चालेल का, असा एका बाजूचा सवाल. दुसरी बाजू म्हणत होती, दूध ते दूध, हे सोवळं म्हणजे बाजार अडवायचं निमित्त. संध्याकाळच्या रांगेत किटली हातात धरून मी आठवडाभर दोन्ही बाजू ऐकल्या. एके दिवशी रांगेतल्या एका वयस्कर अण्णांनी सगळ्यात मोठ्या आवाजात बोलणाऱ्या पोराला मध्येच थांबवलं. "ते ऱ्हाऊ दे. तू म्हशीला काय घालतूस रं?" पोरगं क्षणभर गप्प झालं आणि म्हणालं, "मिळंल ते." इतके दिवस चाललेल्या वादात कुणीच न काढलेला विषय त्या दोन शब्दांत होता.

माझं म्हणणं आधीच मांडतो. आमच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात गुरांची वैरण शाकाहारी आहे का, हा प्रश्नच नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारीच आहे. प्रश्न आहे तो ही वनस्पती कोणती, कुणासाठी पिकवलेली आणि कशी साठवलेली, याचा. ऊस कारखान्याला, तंबाखू व्यापाऱ्याला, सोयाबीन बाजाराला आणि या सगळ्यांतून जे उरेल ते जनावराला, अशी आपली आजची वाटणी आहे. ही वाटणी चुकीची आहे. वैरण हे पीक आहे आणि पिकाला जमीन लागते. दोन दुभत्या जनावरांमागे निदान १० गुंठे, तीही पाण्याजवळची, फक्त वैरणीसाठी राखायला हवी. ती राखत नाही तोवर दुसऱ्याच्या दुधाची शुद्धता तपासताना आपला आवाज पोकळच राहणार.

आयातीला विरोध करणाऱ्यांचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. त्यामागे खरा इतिहास आहे. ब्रिटनमध्ये कत्तलखान्यातला टाकाऊ भाग आणि हाडं दळून केलेला चुरा स्वस्त प्रथिन म्हणून गाईंना घालत असत. रवंथ करणाऱ्या जनावराला त्याच्याच जातभाईंचं मांस. १९८६ मध्ये तिथे गाईंच्या मेंदूचा एक नवा रोग ओळखला गेला, १९८८ मध्ये असल्या खाद्यावर बंदी आली आणि १९९६ मध्ये सरकारला सांगावं लागलं की माणसांत दिसू लागलेल्या एका जीवघेण्या मेंदूरोगाचा या गोमांसाशी संबंध असण्याचा संभव आहे. त्या देशात १ लाख ८० हजारांहून जास्त गाईंना हा रोग झाला. अमेरिकेने १९९७ मध्ये सस्तन प्राण्यांची बहुतेक प्रथिनं गाईंच्या खाद्यातून काढली, पण रक्ताला आणि डुकरा-घोड्यांपासूनच्या प्रथिनांना सूट ठेवली. तेव्हा आक्षेप हवेतला नाही. श्रद्धेचा भागही तितकाच खरा आहे. म्हैस व्याली की पहिलं दूध देवाला दाखवल्याशिवाय जी घरं चुलीवर चढवत नाहीत, त्यांना 'तुमच्या भावनेला बाजारात किंमत नाही' असं सांगणाऱ्यांशी माझं पटणार नाही. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांनीही दुभत्या जनावरांच्या खाद्यात मांस, हाडांचा चुरा आणि रक्त वापरायला मनाई केली आहे, ती योग्यच आहे.

पण यापुढचं पाऊल चुकतं. मांसापासूनचं खाद्य धोक्याचं ठरलं, म्हणून वनस्पतीपासूनचं खाद्य आपोआप निर्मळ, हे कुणी सिद्ध केलं? उलट दाखला याच ब्रिटनमधला आहे, आणि गाईंच्या रोगाच्या पाव शतक आधीचा. १९६० मध्ये तिथे टर्की कोंबड्यांची १ लाखावर पिल्लं काही महिन्यांत मेली. रोग सापडेना, जंतू सापडेनात. शेवटी शोध जाऊन थांबला ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडेवर. पेंडेला बुरशी लागली होती आणि त्या बुरशीने विष तयार केलं होतं. त्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळालं. शंभर टक्के शाकाहारी खाद्य, आणि कोंबड्यांच्या खुराड्यांत मढ्यांचे ढीग. आज आपण ज्याला 'पेंडेला वास येतोय' म्हणून हाताने चोळून गव्हाणीत टाकतो, त्याची ओळख जगाला अशी झाली.

हे विष जनावराच्या पोटात संपत नाही. यकृतात त्याचं रूप बदलतं आणि त्यातला काही भाग दुधात उतरतो. दूध उकळून तो जात नाही. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातल्या दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. त्यांत आरोग्याला घातक अशी भेसळ निघाली १२ नमुन्यांत. आणि अफ्लाटॉक्सिन मर्यादेपेक्षा जास्त निघालं ३६८ नमुन्यांत. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. युरिया, साबण, पावडर यांच्या बातम्यांनी आपण वर्षानुवर्षं घाबरलो, पण कितीतरी पट जास्त दूध बिघडलं होतं ते गव्हाणीतून. त्यात ना कुणी अमेरिकन होता, ना कुणी भेसळखोर. ओल्या जमिनीवर टाकलेली पोती होती, नीट न वाळवलेला मका होता, बुरशी धरलेली सरकी पेंड होती.

हे मी घरचं सांगतो. एका पावसाळ्यात आम्ही स्वस्त मिळाली म्हणून पेंडेची काही पोती उचलली. गोठ्याच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून ती महिनाभर होती. आईने गुठळ्या फोडल्या, आतून हिरवट दिसलं ते बाजूला काढलं आणि उरलेलं आंबोणात, म्हणजे म्हशीच्या खुराकात, भिजवलं. टाकायला जीव होईना. पैसे मोजलेले होते. आठवड्याभरात म्हैस आंबोणाला तोंड लावेना, दूध निम्म्यावर आलं. डॉक्टरांनी इंजेक्शन देण्याआधी पेंडेचं पोतं मागवलं आणि हाताने मोडून वास घेतला, एवढं मला आठवतं. त्या आठवड्यात आम्ही संस्थेला दूध घातलं, फॅट लागली, पैसे मिळाले. फॅट मोजणारं यंत्र बुरशीचं विष मोजत नाही. ते दूध कुणाच्या लेकराच्या वाटीत गेलं असेल, हा विचार मला आजही सोडत नाही.

आता बाजारात नवीन माल येतो आहे. मक्यापासून आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा वाळवलेला चोथा पशुखाद्यात मिसळला जातो. प्रथिन भरपूर, दर कमी, आणि आहे पूर्ण वनस्पतिजन्य. पण धान्यातला पिठूळ भाग काढून घेतला की बाकीचं सगळं चोथ्यात साधारण तिपटीने दाट होतं: प्रथिनही, आणि मुळात धान्याला बुरशी असेल तर तिचं विषही. चोथा वाईटच असतो असं मी म्हणत नाही. तो तपासून घ्यायचा माल आहे. 'शाकाहारी' एवढ्या शिक्क्यावर तो तपासल्याशिवाय आत घेतला जात असेल, तर तो शिक्का जनावराच्या जिवावर उठलेला आहे.

आणि आता उसाचं वाढं, म्हणजे तोडलेल्या उसाचा शेंड्याकडचा हिरवा पाला. चिकोडी, निपाणी, हुक्केरी, रायबाग, अथणी, कागवाड या पट्ट्यात साधारण नोव्हेंबरपासून गाळप संपेपर्यंत गोठ्यात दुसरं काही दिसतच नाही. टोळ्या ऊस तोडतात, वाढ्यांच्या मोळ्या बांधतात, फडावर नाहीतर रस्त्याकडेला विकतात. हिरवंगार दिसतं, म्हैस आवडीने खाते, आणि घरच्या उसाचं असेल तर फुकट. याहून शुद्ध शाकाहार कोणता? पण या वाढ्यात ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य असतं. ते पोटात कॅल्शियमला धरून बसतं आणि शेणावाटे घेऊन जातं. दोन-दोन, तीन-तीन महिने नुसतं वाढं खाणाऱ्या दुभत्या जनावराच्या दुधात कॅल्शियम कुठून येतं? त्याच्या हाडांतून. मग व्यायल्यावर दुसऱ्या दिवशी म्हैस बसते, मान पोटाकडे वळवून पडून राहते, रात्री डॉक्टरांना फोन जातो आणि शिरेतून कॅल्शियमची बाटली लावली की तासाभरात उठून उभी राहते. घरचे म्हणतात, दृष्ट लागली होती. वाढ्यात प्रथिनही अगदीच थोडं, कोरड्या वजनाच्या पाच-सहा टक्क्यांच्या आसपास. खरं तर त्यावर चुन्याची निवळी शिंपडावी, रोज खनिज मिश्रण द्यावं, आणि वाढं एकूण वैरणीचा एक भाग म्हणून घालावं. हे सांगणारे सांगतात, पण संध्याकाळी पाच वाजता मोळी समोर पडलेली असताना निवळी करायला किती घरांत सवड असते?

इथे मला सगळ्यात वजनदार विरोधी मुद्दा घेतला पाहिजे, कारण तो विचारी माणसांकडून येतो. ते म्हणतात, गाय-म्हैस हा निसर्गाने दिलेला असा प्राणी आहे की जो माणसाला न खाता येणारं खातो आणि दूध देतो. जगभरातली जनावरं जे खातात त्यातलं ८६ टक्के माणसाच्या खाण्याजोगं नसतं, असा जागतिक अन्न संघटनेच्या अभ्यासकांचा हिशेब आहे. मग ताट, काड, वाढं, कोंडा, पेंड हे उरलंसुरलं जनावराला घालणं यातच शहाणपण नाही का? चांगल्या जमिनीवर जनावरासाठी गवत लावायचं म्हणजे माणसाच्या तोंडचा घास काढणं नव्हे का? मी हा मुद्दा पहिल्या अर्ध्यापर्यंत पूर्ण मान्य करतो. काड जाळू नये, खाऊ घालावं. कडबा तसाच न टाकता कुट्टी करून घालावा, म्हणजे निम्मा पायाखाली जात नाही. भाताच्या १०० किलो पिंजराला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात विरघळवून शिंपडावा, थर दाबून, झाकून २१ दिवस ठेवावा. पचायला सोपं होतं आणि त्यातलं प्रथिनही वाढतं. हे सगळं करावंच.

पण दुसरा अर्धा टिकत नाही. आपल्या भागात गवताशी स्पर्धा करणारी जमीन माणसाच्या भाकरीची नाहीच. ती उसाची आहे. १० गुंठे ऊस कमी झाला तर कुणाच्या ताटातली भाकरी कमी होत नाही. आणि उरलंसुरलं हे जनावराचं पोट भरतं, त्याचं दूध भरत नाही. ४०० किलोच्या म्हशीला दिवसाला २० ते २५ किलो हिरवी वैरण, ५-६ किलो वाळली वैरण आणि शिवाय दुधाच्या प्रमाणात आंबोण, हे कोष्टक कुठल्याही पशुवैद्याला तोंडपाठ असतं. हिरवी वैरण नसली की ती तूट विकतच्या पोत्याने भरावी लागते. दुधाच्या उत्पादनखर्चातला ६० ते ७० टक्के भाग खाण्याचा असतो तो इथून. देशात लागवडीखालच्या जमिनीतली चाऱ्याच्या वाट्याला जेमतेम ४ टक्के येते, आणि हा आकडा कित्येक दशकं हललेला नाही. दूध मात्र दरवर्षी वाढवून हवं आहे.

धवलक्रांतीची गोष्ट सांगताना आपण एक तारीख विसरतो. ३१ ऑक्टोबर १९६४ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणंदजवळच्या कंजरीला गेले, ते अमूलच्या पशुखाद्य कारखान्याचं उद्घाटन करायला. त्याच भेटीतून पुढच्या वर्षी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ उभं राहिलं. म्हणजे देशाच्या दुधाची दिशा बदलली त्या दिवशी समारंभ होता तो खाद्याचा. आपल्याकडे दूध संस्थांच्या वार्षिक सभांत बोनस, फरक, दर यांवर तीन-तीन तास भांडणं होतात. वैरणीवर किती मिनिटं?

आपल्या जुन्या माणसांना हे कळत नव्हतं असं नाही. १९६४ मध्येच सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचं पहिलं वाण आलं. कणीस भरदार, ताट बुटकं. दाण्याच्या हिशेबाने ते उजवं होतं. पण सौंदत्ती-रामदुर्ग-अथणीच्या काळ्या रानातल्या रब्बी शेतकऱ्याने आपली जुनी मालदांडी ज्वारी सोडली नाही. त्याला अडाणी म्हणणारे तेव्हाही होते. त्याचा हिशेब दोन खात्यांचा होता: दाणा घराला आणि कडबा दावणीला. मालदांडीची भाकरी गोड आणि कडबाही गोड, बैल चघळून खातो. शेतात बुचाड उभं राहिलं की कणसाइतकीच कडब्याच्या पेंढ्यांची मोजणी होई. ज्या शेतकऱ्याने पिकाची निवड करताना अर्धं मत जनावराला दिलं, त्याचेच नातू आज ते मत पूर्णपणे काढून घेऊन बसले आहेत. तंबाखूने हे सुरू केलं, कारण त्याच्या रानातून दावणीला काहीच येत नाही. उसाने ते पक्कं केलं.

आता जमिनीचा हिशेब. 'एक-दीड एकरवाल्याने गवत लावायचं म्हणजे पोटावर पाय' असं मला ऐकवलं जातं. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुडलगीजवळच्या गुर्लापूर क्रॉसला शेतकरी उसाच्या दरासाठी रस्त्यावर बसले, टनाला ३,५०० मागितले, शेवटी तोडणी-वाहतूक सोडून ३,३०० वर मिटलं. तोच दर धरू. एकरी ४० टनांचा उतारा असेल तर १० गुंठ्यांत १० टन, म्हणजे ३३ हजार, आणि तेही बारा-चौदा महिन्यांनी, बेणं, खत, मशागत वजा न करता. त्याच १० गुंठ्यांत ७ गुंठे संकरित नेपियर गवत आणि ३ गुंठे लसूणघास हा द्विदल चारा लावला तर? नेपियर पाण्याखाली एकरी ६० ते ८० टन जातो, लसूणघास ३२ ते ४० टन. दोन्ही मिळून १३ ते १७ टन हिरवी वैरण, रोजची ३५ ते ४५ किलो, दोन जनावरांना जवळपास पुरेशी. विकतच्या वैरणीला किलोला २ रुपयेच धरले तरी २६ ते ३४ हजार. बरोबरीच झाली, असं कुणी म्हणेल. हो, बरोबरीच. पण लसूणघासाच्या प्रथिनामुळे रोजची किलोभर पेंड वाचते, म्हैस वेळेवर माजावर येते, भाकड काळ आटोपता राहतो, आणि व्यायल्यावर रात्री डॉक्टरांना फोन जात नाही. हे उसाच्या बिलात दिसत नाही, म्हणून ते नाहीच असं आपण मानतो. शिवाय लसूणघासाची मुळं हवेतला नत्र जमिनीत आणतात. इंग्लंडमध्ये १८व्या शतकात गव्हाच्या पाळीत क्लोव्हर आणि सलगम आलं तेव्हा नेमकं हेच झालं: जनावराला हिवाळ्याची वैरण मिळाली, शेण वाढलं आणि त्याच रानातला गहूही वाढला. चारा पिकवून ते भुकेले राहिले नाहीत.

कष्टाचा मुद्दा मात्र मला गप्प करतो, कारण तो खरा आहे. ऊस वर्षातून एकदा तोडायचा, आणि तो टोळी तोडते. वैरण रोज कापायची, आणि ती घरातली बाई कापते. १० गुंठे गवत म्हणजे तिच्यावर आणखी एक काम, असं एका बहिणीने मला तोंडावर सांगितलं आणि मला लगेच उत्तर देता आलं नाही. नंतर तिच्याच दिवसाकडे बघितलं. तिचा विळा आजही रोज चालतोच: बांधाबांधाने, दुसऱ्याच्या उसाच्या कडेने, मैलभर लांबून, डोक्यावर भारा घेऊन, पावसाळ्यात साप-किरडाच्या भीतीत. गवत गोठ्यापासून हाकेच्या अंतरावर असेल तर तिचे दिवसाचे दोन तास वाचतात. पण त्यासाठी घराजवळचा, मोटारीखालचा तुकडा गवताला द्यावा लागेल, खडकाळ कोपरा नव्हे. आणि कुट्टी यंत्र ओढायला घरातल्या पुरुषाने उभं राहावं लागेल. माझ्या मते खरी अडचण जमिनीची कमी आणि या दोन गोष्टींची जास्त आहे.

नेपियर हेच सगळ्यांचं उत्तर, असंही मी म्हणत नाही. त्यातही ऑक्झॅलेट असतं, म्हणून तर द्विदल सोबत हवं. आणि हा आपला बेळगाव जिल्हा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखा आहे कुठे? खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पाऊस झोडपतो, भाताचं पिंजर मुबलक आणि लसूणघास सडतो. तिथे भात निघाल्यावरच्या ओलीवर चवळी, बांधावर दशरथ घास आणि शेवरी, असं जमतं. बेळगाव तालुक्यात रताळ्याचे वेल ट्रॉलीने निघतात. ती उत्तम वैरण आहे आणि बरीचशी वाया जाते. कृष्णाकाठी पाण्याच्या अतिरेकाने चोपण झालेल्या, ओल धरून बसणाऱ्या जमिनीत ऊसही नीट येत नाही, तिथे पॅरा गवत तग धरतं. अथणीच्या कोरड्या बाजूला, जिथे अजून खिलार बैल दावणीला दिसतात, तिथे मारवेल आणि कडबा. सुबाभूळ लावावा, पण त्यात मायमोसिन हे विषारी द्रव्य असतं, तेव्हा एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवावा. कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, चांगलं, पण फुलोऱ्याआधीचं कोवळं, पावसाने ताण दिलेलं कडवळ जनावराला तासाभरात आडवं करतं. त्यातून सायनाइडचं विष तयार होतं. हे सगळं ज्ञान लांब नाही. झाशीच्या भारतीय चारा संशोधन संस्थेचं दक्षिणेकडचं केंद्र धारवाडला आहे, बेळगावपासून दीड-दोन तासांवर. राहुरीच्या विद्यापीठाचा फुले जयवंत नेपियर, उरुळी कांचनच्या बायफ संस्थेचं बीएनएच-१० हे नेपियर आपल्याला पलीकडून, महाराष्ट्रातून मिळतं. निवड करायला भरपूर आहे. निवड करायची असते, हेच आपण विसरलो आहोत.

एक प्रश्न मात्र एकेकट्या शेतकऱ्याच्या हातातला नाही. ज्याच्याकडे १० गुंठेही नाहीत, त्याने काय करायचं? त्याच्यासाठी गायरान होतं. महात्मा फुल्यांनी १८८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलं की सरकारच्या जंगल खात्याने डोंगर, दऱ्या, गायरानं गिळली आणि शेतकऱ्याच्या शेळीला चरायला जागा ठेवली नाही. तेव्हा गिळणारं खातं परकं होतं. आज गायरानांवर अतिक्रमणं आहेत ती आपलीच, त्यावर बांधलेल्या इमारतीही आपल्याच. आणि दुष्काळ पडला की इथे आणखी एक भिंत उभी राहते. जिल्हाधिकारी चारा बाहेर न्यायला बंदी घालतात. कोगनोळीच्या नाक्यावर कडब्याची गाडी अडते. जतहून इकडे, अथणीहून तिकडे कडबा पूर्वापार फिरत आला. १ नोव्हेंबर १९५६ ला मध्ये दोन राज्यांची रेघ आली, पण रेघेच्या दोन्ही अंगांची जनावरं एकमेकांच्या रानावर जगत राहिली. आपल्या जिल्ह्याची जनावरं वाचवायची म्हणून बंदी, हे मी समजू शकतो. पण बंदी हा चारा नसल्याचा पुरावा आहे, तो चाऱ्याचा उपाय नाही. पाऊस असतो त्या वर्षी मका दुधाळ दाण्यात असताना कापून, कुट्टी करून, दाबून, हवाबंद करून ठेवला की ४५ दिवसांत मुरघास तयार होतो आणि नीट झाकलेला राहिला तर वर्षभर टिकतो. गावाच्या गायरानाचे दोन एकर पंचायतीने सोडवून घेतले आणि त्यावर असा साठा केला, तर मार्चमध्ये कुणाच्या आदेशाची वाट बघावी लागणार नाही. कन्नडमध्ये चाऱ्याला मेवु म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मराठी कानाला तो मेवा वाटला होता, आणि मला अजूनही तो अर्थ सोडवत नाही.

दूध संस्थांकडून माझी मागणी साधी आहे. दुधाला फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) बघून दर देता, तसा आपण विकत असलेल्या पेंडेचा बुरशीविषाचा तपासणी अहवाल नोटीस बोर्डावर लावा. पशुखाद्याला आयएस २०५२ हे मानक आहे. त्या मानकाचं चिन्ह पोत्यावर असेल तरच पोतं संस्थेत उतरवा. पावसाळ्यात पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. ज्या सभासदाने १० गुंठे वैरण लावली त्याला बियाण्यात, कुट्टी यंत्रात सूट द्या, बोनसच्या रकमेतून द्या. 'मांसाहारी दूध नको' असा ठराव करायचा असेल तर जरूर करा, मी हात वर करीन. त्याच सभेत हा दुसरा ठराव मांडला तर किती हात वर होतात, ते मला बघायचं आहे.

आमच्या विहिरीखालच्या ७ गुंठ्यांत नेपियर आता चौथ्या कापणीला आलं आहे. शेजारच्या ३ गुंठ्यांतला लसूणघास पावसाळ्यात दमला होता, थंडीने सावरला. रांगेत गप्प झालेला तो पोरगा गेल्या आठवड्यात सायकल लावून बांधावर उभा होता, बराच वेळ नुसता बघत. मी काही बोललो नाही, विळा घेतला आणि पक्क्या ताटांच्या दोन डोळ्यांच्या कांड्या करून दिल्या. तीन बाय दोन फुटांवर लाव, पहिल्या कापणीला दोन-अडीच महिने थांब, एवढंच सांगितलं. कांड्या अजून पुष्कळ आहेत. ज्याला हव्या असतील त्याने यावं, भारा बांधून न्यावा.